निरांजनाभोवतीचे वलय

आईला ते वलय पहिल्यांदा दिसले तेव्हा ती कुणाशीच बोलली नाही. संध्याकाळी देवघरात निरांजन लावले की ज्योतीभोवती तांबडी, हिरवी, जांभळी झाक उमटायची आणि आई हात जोडून तशीच बसून राहायची. फार दिवसांनी तिने आम्हां दोघी बहिणींना सांगितले, तेही हळू आवाजात, जणू बोलल्याने ते विझेल. इतक्या वर्षांच्या पूजेचे हे फळ, असे तिला वाटत होते. आम्हांलाही तसेच वाटले. तुपाचा वास, भिंतीवर हलणारी तिची सावली, चेहऱ्यावरचे ते सुख. त्यात काही वावगे असेल असा संशय कुणाला यावा?

बाजूचे जग मात्र हळूहळू गळत गेले. चालताना आईचा खांदा चौकटीला लागू लागला. ताटाशेजारची वाटी ती हाताने चाचपू लागली. डॉक्टरांनी काचबिंदू म्हटले तेव्हा उशीर झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून राखायची, एवढेच ते म्हणाले. आणि निघताना, मुलींनीही चाळिशीनंतर दरवर्षी डोळे तपासून घ्यावेत. शेवटी शेवटी आई तळहाताला ऊब लागली की ज्योत कुठे आहे ते ओळखायची.

मी तपासून घेत राहिले; ज्योतीभोवतीचे रंग याच दुखण्याचे, हे मला तिथेच कळले. आता रोज झोपण्यापूर्वी डोळ्यांत थेंब पडतात आणि त्यांची कडवट चव घशाशी उतरते. माझी थोरली बहीण, अक्का, कधी गेली नाही. उस्मानपुऱ्यातल्या तिच्या घरी मी विषय काढला की ती चष्म्यावाचून सुईत दोरा ओवून दाखवायची. तुला लहानपणापासून औषधांची लई हौस, असे वर म्हणायची.

गेल्या कार्तिकात तुळशीपाशी पणती लावून ती वाकलेलीच राहिली. वारा पडला होता. ज्योत हलत नव्हती.

"तुला म्हणून सांगते," ती म्हणाली. "मला बी दिसायला लागलंय. आईसारखं."

तिच्या चेहऱ्यावर तेच सुख होते. मी हातातली काडेपेटी कट्ट्यावर ठेवली.

ते देवाचे देणे नव्हे, दुखणे आहे, हे तिला सांगताना गेलेल्या आईकडूनही मी काही हिसकावून घेते आहे असे वाटत राहिले. अक्काने पणतीची वात पुढे सारली.

"मंग आई कशाला हात जोडीत होती गं?"

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर दवाखान्यात आली.

अंधाऱ्या खोलीत तिला एका पांढऱ्या, घुमटासारख्या यंत्रापुढे बसवले. एक डोळा झाकून समोरच्या ठिपक्याकडे पाहायचे आणि आजूबाजूला कुठेही बारीक उजेड लुकलुकला की हातातले बटण दाबायचे. ही तपासणी माझ्या ओळखीची. माझ्या वेळी बटण फार वेळ गप्प राहिले नव्हते.

मी मागे स्टुलावर बसले. टिक. मग यंत्राची बारीक घरघर. पुन्हा टिक. त्यानंतरची शांतता इतकी लांबली की तिला डुलकी लागली असावी, असे मला वाटले. तसेच असावे, अशी मी मनोमन विनवणी केली. पण तिची पाठ ताठ होती. ती दिव्याची वाट पाहत होती.

बाहेर उजेडात आल्यावर तिने पदराने डोळे टिपले आणि माझा हात धरला.

"सोपं होतं की," अक्का म्हणाली. "दिवे लई थोडे होते."