दोन हात सरकलेला गडगा

"गुरुजी, गडगा दोन हात सरकलाय. माणूस खोटं बोलेल, मशीन बोलत नाही."

हे वाक्य मी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, पंधरा-वीस माणसांसमोर म्हटलं. वर चष्मा काढून तो पदराने पुसलाही. तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती, पण अक्कल अजून यायची होती.

मी खासगी सर्व्हेयर. मिरजोळ्याला एमआयडीसीत दीड खोलीचं ऑफिस. काम जमिनी मोजण्याचं: कंपनीचा प्लॉट, रस्ता, आंब्याची बाग. आमच्या रत्नागिरीत दोन बागांमध्ये गडगा असतो, म्हणजे जांभ्या दगडांची नुसती रचलेली बुटकी भिंत. ना सिमेंट, ना पाया. मनात आणलं तर दोन माणसं एका रात्रीत सरकवतील. त्यामुळे गडगा म्हटला की संशय आलाच.

हा गडगा अप्पा बागायतदार आणि जाधव गुरुजी यांच्या मधला. अप्पांना तिथे पक्की भिंत घालायची होती, म्हणून त्यांनी मला बोलावलं. अठरा वर्षांपूर्वी हीच हद्द मीच मोजली होती, नव्या कोऱ्या जीपीएसने. हे मशीन आकाशातल्या उपग्रहांकडून आपली जागा विचारतं. ते तासन् तास उभं ठेवायचं, मग जगभरच्या मोजणी-स्टेशनांशी ताडून कॉम्प्युटरवर आकडे काढायचे. बोटभर फरकसुद्धा कळतो. तसलं मशीन जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नाही, असं मी तेव्हा लग्नाच्या पंगतीतही सांगत असे.

आता पुन्हा मोजलं आणि जुनी फाईल उघडली. गडगा ईशान्येला दोन हात गेलेला. गुरुजींची जमीन नैर्ऋत्येला, अप्पांची ईशान्येला. म्हणजे गुरुजींनी गडगा अप्पांच्या बागेत ढकलला. सरळ हिशोब!

माझ्याबरोबर मदतीला तात्या होते. मोजणीच्या साखळ्या ओढण्यात जन्म गेलेले. ते म्हणाले, "मॅडम, पयला जवळच्या एखाद्या पक्क्या खुणेपासना टेप धरा. मग बोला."

"तात्या, उपग्रह सोडून टेप? उद्या बैलगाडीने मुंबईला जाऊ या का?"

तात्यांनी टेप पिशवीत टाकला. मला वाटलं, पटलं त्यांना.

आता खरी गोम ऐका. जाधव गुरुजी म्हणजे गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि रिटायर झाल्यावर गावातले बांधाचे तंटे मिटवत होते. लोक कोर्टात न जाता त्यांच्या ओटीवर जात. आणि मी त्यांनाच भर सभेत गडगाचोर ठरवलं होतं.

अप्पा खाली बघायला लागले. "मॅडम, हे आधी माझ्या कानात सांगायचंत की हो," ते पुटपुटले.

गुरुजींनी खिशातून कागद काढला, पाठकोरा. त्यावर शांतपणे चार ओळी लिहिल्या. अध्यक्षपदाचा राजीनामा. सही करायच्या आधी पेन थांबवून म्हणाले, "बाई, एक विनंती. माझी विहीरही मोजा."

"विहीर कशाला?"

"गडगा मी सरकवला असेन. पण चाळीस फुटांची विहीर काही मला उचलवणार नाही. ती कुठे आहे ते बघा. मग मी सही करतो."

जुन्या फाईलमध्ये दोन्ही बागांतल्या विहिरींचे कोपरे होते. तेही तात्यांनी त्या वेळी हट्टाने मोजायला लावले होते, आणि मी वैतागले होते, ते आठवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन गुरुजींच्या विहिरीच्या कठड्यावर उभं केलं. संध्याकाळी आकडे आले.

विहीर दोन हात सरकलेली. ईशान्येला.

मी मशीन पुसलं. बॅटरी बदलली. तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, आणि बरोबरीने अप्पांची विहीरही. तीसुद्धा दोन हात. त्याच दिशेला. मी आकड्यांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिले. तात्या मात्र कठड्यावर बसून निवांत काजू खात होते.

तेवढ्यात गुरुजी आले. मी आकडे दाखवले. म्हटलं, "गुरुजी, मला काही कळत नाही." असं वाक्य मी धंद्यात पहिल्यांदा उच्चारत होते. दाढदुखीसारखं दुखलं.

"किती वर्षांत एवढं?"

"अठरा."

गुरुजींनी बोटांवर गणित केलं आणि हसायलाच लागले. "दोन हात म्हणजे नव्वद सेंटिमीटर. वर्षाला पाच सेंटिमीटर! बाई, हे आठवीच्या पोरांना विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. गडगा नाही सरकला. भारत सरकलाय!"

मग उतरत्या उन्हात, विहिरीवर, त्यांनी मला धडा दिला. पृथ्वीचं कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना प्लेट म्हणतात. खाली तापलेला खडक अतिशय सावकाश वाहतो आणि प्लेट्सही सावकाश हलतात. आपली प्लेट एके काळी आफ्रिकेच्या शेजारी होती. तिथून निघाली ती उत्तरेकडे, आशियाला जाऊन धडकली. त्या धडकेत जमीन चुरगळून वर आली, तो हिमालय. अजून ढकलाढकली चालूच आहे.

"आणि वाटेत लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचला, तो आपला काळा कातळ, सह्याद्री. त्याच सुमाराला पश्चिमेकडचा तुकडा तुटून गेला, ती सेशेल्स बेटं. आपली भावकीच म्हणा. वाटणी करून निघून गेली आणि मागे आपला किनारा राहिला."

"मोजणी न करता?" अप्पा मागे कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे.

"म्हणून तर तंटा नाही," गुरुजी म्हणाले. "आणि अप्पा, गडग्याचा हा जांभाही त्याच काळ्या खडकाचा. ऊन-पाऊस खात लाखो वर्षं गंजला, तेव्हा असा लाल झाला."

अप्पांना वेगळीच काळजी. "म्हणजे माझी बाग हिमालयाकडे चाललीय? हापूसला थंडी सोसणार नाही हो!"

माझी चूक आता मला दिसली. उपग्रह जागा सांगतात ती अख्ख्या पृथ्वीच्या हिशोबात. त्या हिशोबात रत्नागिरी सरकली, गडगा सरकला, विहीर सरकली, मीही सरकले. बसमधल्या शेजाऱ्याला म्हणावं, तू रत्नागिरीहून चिपळूणला कसा पोचलास, चोरा? तसलं माझं शहाणपण.

तात्यांनी काजूचा हात धोतराला पुसला आणि टेप काढला. गुरुजींच्या विहिरीच्या कोपऱ्यापासून गडग्यापर्यंत धरला. बेचाळीस फूट. जुन्या फाईलमध्येही, तात्यांच्या अक्षरात, बेचाळीस फूट. गडगा बोटभरही हलला नव्हता.

आरोप सभेत केला, तर माफीही सभेतच मागायला हवी होती. पुन्हा हॉल भरला. मी उभी राहिले, टेपचं माप वाचून दाखवलं आणि हात जोडले. या वेळी चष्मा पुसला तो खरंच धुकटल्यामुळे. गुरुजींनी राजीनाम्याचे चार तुकडे करून अप्पांच्या हातात दिले आणि अध्यक्ष म्हणून निकाल सांगितला, "बाईंनी शाळेत येऊन आठवीला हा धडा दोन तास शिकवायचा. चुकीसकट."

शिकवला. एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्हाला आठवीत भूगोलात किती मार्क होते?" ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अप्पांची भिंत जुन्या गडग्याच्या रेषेतच उभी राहिली. आता मी आजी झाल्ये, मशीन सुनेकडे दिलंय. तिला मी एवढंच सांगते: कुणाचा गडगा सरकलाय म्हणायच्या आधी विहीर मोज. आणि तात्या काही बोलले, तर तोंडात काजू टाक आणि नुसतं ऐक.