साबळे मॅडमचा झरा

साबळे मॅडम शाळेत रुजू झाल्या त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये माझ्या डब्याशेजारी बेडकाच्या पिल्लांची बरणी आली. मी भाजीत घास बुडवणार, तोच पलीकडे काहीतरी वळवळलं. तक्रार केली तर बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, ती तुमच्या डब्याला हात लावणार नाहीत. तुम्ही त्यांच्या बरणीला लावू नका." झालं! तेव्हापासून माझी लोणच्याची बरणी रिकामी झाली की मॅडमच्या पिल्लांसाठी जप्त, घरी म्हणून मला ती कधी परत नेता आली नाही.

आमची शाळा मळवलीजवळची. नववीचा पर्यावरणाचा तास म्हणजे गणितवाल्यांनी हक्कानं उसना घ्यायचा तास, अशी रीत होती. मॅडमनी ती मोडली. तास सुरू झाला की वर्ग डोंगराखालच्या झऱ्यावर. सोबत दुसरा शिक्षक लागतो, आणि पी.टी.चा मास्तर म्हणजे रिकामटेकडा असा सगळ्या जगाचा समज, म्हणून दर वेळी मीच. उन्हातान्हात कुरकुरत जायचो. पण खरं सांगतो, एप्रिलातही न आटणाऱ्या त्या पाण्यातला दगड उचलून मॅडम खालचा खेकडा दाखवायच्या, तेव्हा मागच्या बाकावरची वांड पोरंही गप्प व्हायची. "दगड होता तसाच परत ठेवा," त्या बजावायच्या. "कुणाच्या तरी घराचं छप्पर आहे ते."

पुस्तकात वाळवंट होतं, समुद्र होता, आमचा डोंगर काही नव्हता. म्हणून मॅडमनी झऱ्यावरच्या अभ्यासपत्रिका तयार केल्या. खेकडा, उंबर, कारवी, पहाटे गाणारा शीळकरी कस्तूर. चित्रं पोरांची, मजकूर त्यांचा. शेवटी शाळेपासून झऱ्यापर्यंतचा नकाशा. दुसऱ्या शाळांतल्या पोरांनाही यायला मिळावं म्हणून त्या सगळ्याची फाइल त्यांनी मावळातल्या ओळखीच्या शिक्षकांना आणि जुन्या विद्यार्थ्यांना फोनवर पाठवली. हळूहळू इतर शाळांचे वर्ग झऱ्यावर येऊ लागले. मॅडम खुशीत होत्या, आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

एका दिवाळीच्या आधी गणेश पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आला. आमचाच जुना विद्यार्थी, आता लोणावळ्यात प्लॉट विकायचं काम करणारा. मॅडमच्या पाया पडला, त्यांच्या एका हातात पेढा दिला आणि दुसऱ्या हातात एक गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक. वीकेंड बंगल्यांचे प्लॉट. बारमाही झरा, उंबराची सावली, पहाटे शीळकरी कस्तुराच्या शिळेनं जाग. आणि मॅडमचाच नकाशा, फक्त शाळेऐवजी एक्सप्रेस-वेपासून सुरू होणारा.

"मॅडम, सगळं तुमचंच हाय. मी नुसतं छापून आनलं," गणेश म्हणाला. तोंडावर निव्वळ अभिमान. "काय चुकलं असंल तर सांगा."

मॅडमनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. "काही चुकलं नाही रे," त्या म्हणाल्या. "सगळं बरोबर आहे."

पेढा त्यांच्या हातात तसाच राहिला. मला गणेशच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण वाजवायची कशासाठी? शिकवलेलं पोरगं विसरलं नव्हतं, एवढंच.

मग आमची वणवण सुरू झाली. माझ्या मोटरसायकलवर मागे बसून मॅडम आधी जमिनीचे मालक धोंडूआबा यांच्याकडे गेल्या. झऱ्यापुरता तरी तुकडा ठेवा म्हणून गळ घातली. आबांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. "बाई, दोनी पोरं चाकनला कंपनीत हायेत. नांगर कोन धरनार हितं?" ते म्हणाले. "आन् आता मी शबुद दिलाय." पुढे तालुक्याच्या कचेरीत गेलो, तर सरकारी नकाशात झराच नाही. मॅडमनी आपला नकाशा पुढे केला. साहेबांनी तो कौतुकानं पाहिला आणि ते म्हणाले, फार सुरेख आहे, पण शाळेचा आहे. अर्ज झाले, विनवण्या झाल्या, हेलपाटे घालून चपला झिजल्या. कुणी धड वाईटही वागेना. भांडायचं तरी कुणाशी?

उन्हाळ्यात जेसीबी आला. झरा पाइपात गेला आणि पाइप पहिल्या बंगल्याच्या पोहायच्या तलावात. शाळा उघडल्यावर नववीचा नवा वर्ग कुंपणापाशी उभा, आणि वॉचमन अगदी अदबीनं सांगतोय, आत सोडायची परवानगी नाही. परतताना मॅडम म्हणाल्या, "सर, वाट मीच दाखवली हो." मी म्हणालो, तुम्ही नसती दाखवली तरी कुणीतरी आलंच असतं. ते खरंही असेल, पण त्यांच्या कानात शिरलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढे थंडीत वर्गातली भाजे गावची मनीषा सांगत आली की वर डोंगरात अजून एक झरा आहे. कितीतरी दिवसांनी मॅडमचे डोळे चमकले. वर्ग घेऊन आम्ही धापा टाकत वर गेलो. नितळ पाणी, खेकडे, वरती उंबर, सगळं होतं. पोरांनी सवयीनं पेनं काढली, एकानं चोरून आणलेला फोन काढला.

"ठेवा ते आत," मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. "आज काही लिहायचं नाही. चित्र नाही, नकाशा तर नाहीच. नुसतं बघा. आणि खाली गेल्यावर कुणाला सांगू नका."

पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. मनीषानं विचारलं, "मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. पोराच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय जेवायलाही न बसणारी ती बाई माझ्याकडे उत्तर मागत होती, आणि मी पडलो पी.टी.चा मास्तर. मी शिट्टी फुंकली आणि पोरांना खाली उतरायला रांगेत उभं केलं.