रेडिओवरची सवत

माझ्या नवऱ्याचं बाजारात किराणा दुकान, पण मालवणात लोक त्याला ओळखत ते आवाजावरून. आठवड्यातून एकदा संध्याकाळी रेडिओवर मालवणीतली कौटुंबिक श्रुतिका लागायची. त्यात तो नवरा व्हायचा आणि ओरोसच्या सरकारी कचेरीतली एक बाई त्याची बायको. दोघांचं इतकं जमायचं, की मी मासळी घ्यायला गेले की म्हातारी मासेवाली हटकून विचारायची, "काय गो, सवत बरी आसा मां तुझी?" बाया हसायच्या. मीही हसायचे. त्या दिवशी कालवणात तिखट हमखास जास्त पडायचं.

एकदा हट्टानं त्याच्यासोबत एसटीनं रेकॉर्डिंगला गेले. काचेपलीकडे एकाच माइकच्या दोन बाजूंना दोघं समोरासमोर उभी. वाचून झालेला कागद फडफडू नये म्हणून ती तो अलगद खाली सोडायची, आणि हा तिच्या डोळ्यांत बघून वाक्य म्हणायचा. आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरसुद्धा त्यानं माझ्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतताना मी त्याच्याशी अवाक्षर बोलले नाही. त्याला ते कळलंही नाही. तो पुढच्या भागाचे संवाद पुटपुटत होता.

दोन हजार साल उलटल्यावर रेडिओ केंद्रात संगणक आला आणि टेप गेली. आता दोघांनी एका वेळी हजर असायची गरज उरली नाही. तिला रजा मिळेल तेव्हा ती आपली वाक्यं बोलून जाई, हा दुकान बंद असेल त्या दिवशी जाई, आणि तिथला माणूस दोन्ही आवाज संगणकावर जोडून देई. पहिल्यांदा तसं करून आला तो तोंड पाडूनच.

"समोर माणूस नाय, काय नाय. भिंतीक बघून बोलूचा लागता," म्हणाला.

मी वरवर "अरेरे" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी देवापुढे नारळ फोडला. आता ऐका म्हणावं, कसा कोरडा ठणठणीत संसार होतो तो!

तो भाग लागला तेव्हा हा जेवत होता, मी वाढत होते. श्रुतिकेतला नवरा कामावरून घरी येतो, बायको चुलीपाशी असते. रेडिओतून त्याचा आवाज आला, "दमलंस मां गो? बस जरा. मी आसंय मां."

माझा हात थबकला. आवाज पूर्वीपेक्षाही मऊ होता. म्हणजे त्याला ती बाई लागतच नव्हती. रिकाम्या खोलीत भिंतीशी तो एवढ्या मायेनं बोलू शकत होता, आणि घरात मी हाडामासाची समोर असताना त्याची गाडी "मीठ वाढ"च्या पुढे जात नव्हती. त्या बाईचा निदान मत्सर तरी करता येत होता. भिंतीचा कसा करायचा?

रेडिओतली बायको उत्तर देण्याआधी माझ्याच तोंडून गेलं, "होय, दमलंय."

त्यानं ताटातून मान वर केली.

"कोणाक सांगतंस?" त्यानं विचारलं.