शिखरकाकांच्या चार ओळी

लिफ्टचं दार बंद झालं की शिखरकाका बोलायचे थांबत, वाक्य अर्धं राहिलं असलं तरी. मान किंचित तिरकी करून ते लिफ्टचा आवाज ऐकत, डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसा, आणि दार उघडलं की अडलेल्या शब्दापासून पुढे सुरू करत. आमची ओळखही लिफ्टमध्येच झाली. मी फोनवर आईशी तिच्या गुडघ्यांबद्दल बोलत होते. शेजारी टाय लावलेले एक वयस्कर गृहस्थ गप्प उभे होते. माझा मजला आला, दार उघडलं, तेव्हा ते म्हणाले, “ताई, आईंना म्हणावं, तेल चोळायच्या आधी शेक द्या. नुसत्या तेलाने काही होत नाही.” शिकागोच्या डाउनटाउनमध्ये, वकिलांनी भरलेल्या त्या इमारतीत, असं घरगुती मराठी ऐकून मी जागच्या जागी उभी राहिले.

ती इमारत मुळात चर्चची. तिथली मंडळी, म्हणजे चर्चचा भाविक समुदाय, फार जुनी, शहर म्हणजे चिखलातली वस्ती होती तेव्हापासूनची. पुढे आजूबाजूला बाजारपेठ वाढली तशी बाकीची चर्चं एकेक करून दूर निघून गेली. या मंडळींनी जागा सोडली नाही. जुनी वास्तू पाडून तिथेच गगनचुंबी इमारत उभी केली. तळाला प्रार्थनेचं मोठं सभागृह, मधे मजल्यांवर मजले भाड्याची ऑफिसं, आणि अगदी टोकाला, मनोऱ्याच्या पोटात, तीसेक माणसं मावतील एवढं चॅपल. मी मधल्या मजल्यांवरच्या एका लॉ फर्ममध्ये आयटी सांभाळायचे. रोज नेपरव्हिल या उपनगरातून ट्रेनने यायचे. त्या टोकाला काही आहे हे मला दोन वर्षं माहीतही नव्हतं.

काकांचं नाव शांतवन साळवे. मूळचे नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती मास्तरांचा मुलगा. बायको नर्स म्हणून इथे आली, तिच्या मागोमाग हे आले आणि लिफ्टचे मेकॅनिक झाले. उभी नोकरी याच इमारतीच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर, बायको गेल्यावर, ते पाहुण्यांना वरचं चॅपल दाखवायचं काम हौसेने करू लागले. “इतकी वर्षं माणसं वर नेली, पण सगळी ऑफिसात,” ते म्हणत. “आता जरा बऱ्या ठिकाणी नेतो.” शिखरकाका हे नाव मी ठेवलं. त्यांना ते आवडलं. “बरोबर आहे,” म्हणाले, “आपल्याकडे देवळावर कळस असतो. यांनी कळसातच देऊळ ठेवलंय.”

वर जाताना ते प्रत्येक पाहुण्याला नाव विचारत. शेवटची लिफ्ट संपली की पुढे अरुंद पायऱ्या होत्या. तिथे कुणी दमलं की काका त्याला नावाने हाक मारून आपणच थांबत, जणू धाप त्यांना लागली आहे. चॅपलमध्ये पोचल्यावर स्वतः काही सांगत नसत. “बसा,” एवढंच. मग खिडक्यांच्या रंगीत काचांमधून उजेड येई, खालच्या गाड्यांचा आवाज नसल्यासारखा होई, आणि काका भिंतीला टेकून उभे राहत.

दुपारी कधीमधी मी डबा घेऊन खाली सभागृहाच्या व्हरांड्यात त्यांच्याबरोबर बसायचे. शेंगदाण्याच्या चटणीसाठी ते माझी वाट बघत. त्यांच्या खिशात एक छोटी वही असे. तिच्यात विसरलेले मराठी शब्द लिहिलेले असत, म्हणजे शब्दाचा अर्थ इंग्रजीत आणि पुढे रिकामी जागा. “घरात बोलायला कुणी नाही ना,” ते म्हणत. “रूथला कळतं थोडं, पण बोलत नाही.” रूथ त्यांची मुलगी, इथेच जन्मलेली. एकदा त्यांनी विचारलं, “ताई, बैलांच्या मानेवर असतं ते काय हो? लाकडी.” मलाही पटकन आठवेना. संध्याकाळी ट्रेनमधून आईला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, जू. काका घास हातात धरून बसून राहिले. हळूहळू त्यांचे ओठ हलायला लागले आणि त्यांनी चार ओळी म्हटल्या. त्यांच्या वडिलांनी गावातल्या दफनविधीसाठी रचलेली प्रार्थना होती ती. त्या एका शब्दापाशी ती अडून बसली होती.

“हे बापा, हा आपला माणूस दमून आला आहे.
याच्या मानेवरचं जू उतरव, याला पाणी दे.
मागे राहिलेल्यांचा दिवस मोठा आहे,
त्यांच्या सोबतीला संध्याकाळपर्यंत थांब.”

त्या वर्षी मी काकांना आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीला घेऊन गेले. नवा सदरा घालून आले होते. जेवताना आमच्यातल्याच एकाने त्यांना विचारलं, “काका, तुम्ही ख्रिश्चन ना? मग घरी इंग्लिशच असेल.” काका म्हणाले, “प्रार्थना मराठीतच करतो. देवाची अजून तक्रार आलेली नाही.” सगळे हसले, मीही हसले. पण त्यानंतर त्यांच्याशी कुणी फारसं बोललं नाही, आणि मी इतरांना चहा देत फिरत राहिले. परतताना गाडीत ते म्हणाले, “चकली छान होती.” मी त्यांना पुन्हा बोलावलं नाही. माझ्या मनात, त्यांना उगाच अवघडायला नको, असं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी त्या चार ओळी एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून मला दिल्या. “माझ्या वेळेला तुम्ही वाचाल का? खाली, सभागृहात. इथे मराठी वाचणारं दुसरं कुणी नाही.”

“काका, काय हे. अजून पुष्कळ वेळ आहे.”

“वेळ आहे म्हणूनच विचारतोय.”

मी हो म्हटलं. आता आठवतं, की मी ते घड्याळाकडे बघत म्हटलं होतं.

पुढे आमचं ऑफिस घरूनच काम करायला लागलं, मग मी नोकरी बदलली. डाउनटाउनला जाणं संपलं. काकांचे फोन यायचे. मीटिंगमध्ये असले की मी मेसेज टाकायचे, नंतर करते. काही वेळा केले. एकदा त्यांनी सांगितलं की पायऱ्या आता होत नाहीत. मी म्हटलं, येते एकदा भेटायला.

जानेवारीत रूथचा ईमेल आला. काका गेले होते. शनिवारी अकरा वाजता सभागृहात प्रार्थना होती, आणि तिच्या बाबांनी माझं नाव लिहून ठेवलं होतं. त्याच शनिवारी आमच्या मंडळाची संक्रांत होती आणि निवेदन माझ्याकडे होतं. शुक्रवारी बर्फाचा अंदाज आला. मी रूथला कळवलं की बर्फामुळे निघणं अवघड दिसतंय, फार वाईट वाटतंय. तिचं उत्तर लगेच आलं, काळजी घ्या. शनिवारी बर्फ पडला तो चार बोटं. ट्रेन चालू होत्या. मी काळी साडी नेसून माईकवर तिळगुळाच्या गोड गोड गोष्टी बोलले. अकरा वाजले तेव्हा माझी नजर घड्याळाकडे गेली होती, हे मात्र कुणाला दिसलं नाही.

एप्रिलमध्ये कामासाठी डाउनटाउनला जावं लागलं, तेव्हा मी रूथला भेटायचं का विचारलं. ती जेवणाच्या सुट्टीत आली. काकांसारखीच उंच, चाळिशीची. “यू आर ताई, राइट?” ती म्हणाली. तिला ते माझं नावच वाटत होतं. आम्ही सभागृहात मागच्या बाकावर बसलो. मी बर्फाबद्दल बोलायला लागले, पण मधेच थांबले आणि खरं ते सांगितलं, की ट्रेन चालू होत्या आणि मी आले नाही.

तिने ऐकून घेतलं. मग पर्समधून एक कागद काढला. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात काकांनी त्याच चार ओळी इंग्रजी अक्षरांत लिहिल्या होत्या, तिला वाचता याव्यात म्हणून. खाली तिच्यासाठी इंग्रजीत लिहिलं होतं, ताई लांब राहतात, त्या आल्या नाहीत तर तू वाच, आणि त्यांना काही विचारू नकोस.

“मी वाचलं,” रूथ इंग्रजीत म्हणाली. “मला नीट आलं की नाही, माहीत नाही. लोकांना काही कळलं नसणार. तुम्ही एकदा वाचाल? ते कसं ऐकू यायला हवं होतं, मला ऐकायचंय.”

सभागृह रिकामं होतं. मी उभी राहिले आणि वाचलं. रूथ डोळे मिटून ऐकत होती. अर्धं मिनिटही लागलं नाही.