बाणावरचे कुंकू

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, एडिनबराच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावरच्या एका जंगलात मानेत बाण रुतलेले हरीण सापडले. ते जिवंत होते. इस्टेटीच्या कीपरने, म्हणजे तिथल्या जंगलाची आणि जनावरांची देखभाल करणाऱ्या माणसाने, गोळी घालून त्याचे हाल संपवले. बाण कोणी मारला ते त्या दिवशी कळले नाही.

या जंगलाला लागून एका धनुर्विद्या क्लबची जागा आहे. मध्ये काटेरी तारेचे कुंपण आहे. आदल्या दिवशी क्लबात बाण मारणाऱ्यांमध्ये स्कॉटलंडमध्ये नोकरी करणारा माझा मेहुणा होता. मी त्याच्याबरोबर होतो.

ब्रिटनमध्ये धनुष्यबाणाने हरीण मारणे हा गुन्हा आहे. रायफलीने, परवाना काढून, ठरलेल्या मोसमात मारता येते. बाणाने नाही. मेहुण्याला हे ठाऊक होते. तरी फॅमिली ग्रुपवर त्याने लिहिले होते, ‘भाऊजी येतायत. वीकेंडला हरणाच्या शिकारीला जातोय.’ नागपूरहून सासूबाईंनी लगेच व्हॉइस मेसेज पाठवला की नवरात्रात असले उद्योग करू नयेत. मीही लंडनमधल्या ईलिंगहून निघताना खऱ्या शिकारीच्याच तयारीत होतो. बूट नवे घेतले होते.

खुलासा एडिनबरा स्टेशनवर झाला.

“फोमची हरणं असतात, भाऊजी. जंगलात ठिकठिकाणी उभी केलेली. त्यांना मारायचं.”

“मग शिकार कशाला लिहिलंस?”

“फोमच्या हरणाला बाण मारतोय म्हटलं असतं, तर आला असता का तुम्ही?”

शनिवारी दसरा होता. आम्ही क्लबजवळच एक कॉटेज घेतले होते. सकाळी मेहुण्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरला आणि त्यावर धनुष्य ठेवले, शेजारी बाण. झेंडू मिळाला नव्हता, म्हणून सुपरमार्केटमधली शेवंती. त्याच्या घरी दसऱ्याला वडिलांची स्कूटर, आईची शिलाई मशीन, मिक्सर, सगळ्यांची पूजा होत असे. त्याआधीच्या दसऱ्याला त्याने लॅपटॉपची केली होती. या वेळी बाणांची. त्याने हळद आणि कुंकू वेगवेगळे पाण्यात कालवले आणि प्रत्येक बाणाला, मागच्या पिसांच्या मुळाशी, दोन्हीचे बोट लावले.

“पिसं खराब होतील,” मी म्हणालो.

“लॅपटॉपला काय झालं? चालतोय ना.”

माझ्या बायकोने हाउन्सलोच्या दुकानातून आणून दिलेले श्रीखंड नैवेद्याला दाखवले. मग आम्ही क्लबात गेलो.

तिथे मला धनुष्य हातात धरायची परवानगी नव्हती. त्यासाठी आधी कोर्स करावा लागतो, असे क्लबच्या सेक्रेटरी बाईंनी सांगितले. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि शिक्षिकेसारख्याच बोलत. मी मेहुण्यामागून चालत राहिलो. पाऊस थांबत नव्हता. झाडांमागे फोमची हरणे उभी होती, काही इतकी हुबेहूब की जवळ जाऊन कानाला हात लावल्यावर खात्री पटे. मेहुण्याचे बरेचसे बाण हरणांच्या वरून किंवा पायांखालून गेले. भिजलेल्या बाणांवरचे कुंकू ओघळले. मी ते पाहिले, आणि विसरलो.

शेवटचे फोमचे हरीण कुंपणाजवळ होते. त्याला मारलेला एक बाण मिळाला नाही. मागून दुसरा गट येत होता, त्यामुळे फार वेळ शोधता आले नाही. चहा झाल्यावर मेहुणा म्हणाला, “मी बघून येतो परत. तुम्ही बसा, शेकोटीजवळ बसा.” तो एकटा गेला. धनुष्य खांद्याला होते.

अंधारायच्या बेताला तो परतला. गुडघ्यापर्यंत चिखल. डाव्या तळहातावर लांब ओरखडा. बाण मिळाला नव्हता. कॉटेजवर त्याने ग्रुपवर फोटो टाकला. पावसातले हरीण, बरगडीत बाण. खाली लिहिले, ‘शिकार झाली. दसऱ्याचा मान.’ बायकोचा मला फोन आला.

“खरं हरीण आहे का रे ते?”

“फोमचं आहे.”

“तू बघितलंस?”

“बघितलं.”

हा फोटो दुपारचा होता. तो काढताना मी शेजारी उभा होतो.

रविवारी सकाळी सेक्रेटरी बाईंनी शनिवारी आलेल्या सगळ्यांना क्लबच्या लाकडी खोलीत बोलावले. सगळे आसपासच मुक्कामाला होते, त्यामुळे आले. कीपर दाराशी उभा होता. त्याने सापडलेल्या हरणाबद्दल चार वाक्ये सांगितली. बाण मानेशी मोडलेला होता आणि पिसांकडचा भाग मिळाला नव्हता. क्लबात आलेल्या प्रत्येकाने आपले बाण टेबलावर मांडावेत, असे त्याने सांगितले.

सगळ्यांनी मांडले. मेहुण्याच्या बाणांवर, पिसांपासून निम्म्या दांडीपर्यंत, तांबडे ओघळ वाळलेले होते.

 सेक्रेटरी बाईंनी चष्मा लावला.

“हे काय आहे?”

“पावडर आहे,” मेहुणा म्हणाला. “काल आमचा सण होता. शस्त्रांची पूजा करतो आम्ही.”

“शस्त्रांची,” कीपर म्हणाला.

“म्हणजे, अवजारांची. लॅपटॉपचीही करतो.”

कीपरने अंगठा ओला करून एका बाणावर घासला, अंगठ्याचा वास घेतला आणि विचारले, “एक कमी आहे का?” सेक्रेटरी बाई म्हणाल्या, हो, काल हरवला, हा संध्याकाळी एकटाच शोधायला गेला होता. हे त्यांनी आवाज न चढवता सांगितले.

दुपारी एक पोलीस अधिकारी बाई आल्या. वन्यप्राण्यांची प्रकरणे त्याच बघत. त्यांनी एकेकाला विचारले. मेहुण्याने सांगितले की बाण शोधायला तो कुंपणापर्यंत गेला आणि तिथूनच परत फिरला. मी शेजारी होतो. त्याने डावा हात खिशात ठेवला होता.

मी पुण्यात बरीच वर्षे वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केले. तिथली सवय अशी की घरच्या माणसाचे म्हणणेही दुसरीकडून तपासायचे. पूजा झाली होती, हे मी पाहिले होते. कुंकू पावसाने ओघळले, हेही. पण तो एकटा गेला त्यानंतरचे मला काहीच माहीत नव्हते. मी फोन काढून फॅमिली ग्रुप उघडला. फोटोच्या जागी ‘हा मेसेज डिलीट केला’ असे होते.

तेव्हा मला वाटले, हा काहीतरी लपवतो आहे. हरीण यानेच मारले असेल, हेही वाटले.

त्याच्यापुढे काय होते, ते मला माहीत होते. या देशात कायम राहण्याचा त्याचा अर्ज महिनाभरात जायचा होता. नोकरी त्या व्हिसावर, आणि घरासाठी कर्ज मिळणे त्या अर्जावर. त्यात पोलिसांशी संबंध आला का, असे विचारतात. वन्यप्राण्याचा गुन्हा लागला असता, तर नागपूरला परत जावे लागण्याची भीती त्याला होती. वकिलाने त्याला बजावले होते, या महिन्यात साधा पार्किंगचा दंडही नको.

गाडीत बसल्यावर मी विचारले, “फोटो का काढलास ग्रुपवरून?”

“‘शिकार झाली’ लिहिलं होतं मी. खाली माझं नाव. काहून ठेवू?”

“धनुष्य बरोबर कशाला नेलं होतंस?”

“गाडीची किल्ली कुणाकडे होती? तुमच्याकडे. तुम्ही शेकोटीपाशी, चार म्हाताऱ्यांना श्रीखंड समजावून सांगत होता. कुठे ठेवू धनुष्य? त्या खोलीत? लोक कोट टांगतात त्यावर.”

किल्ली माझ्याकडे होती. हे खरे होते.

“हात दाखव.”

त्याने हात दाखवला नाही.

“कुंपण ओलांडलंस तू.”

तो पुढच्या काचेकडे बघत होता. वायपर सुरूच होते.

“ओलांडलं. बाण पलीकडे गेला असं वाटलं मला. थोडा वेळ शोधला, मिळाला नाही, परत आलो. हरीण-बिरीण काही दिसलं नाही. पण दुसऱ्याच्या जमिनीत घुसलो, हे त्या पोलीस बाईंना कसं सांगू, भाऊजी? ट्रेसपास आहे तो. अर्ज गेलाच माझा.”

स्कॉटलंडमध्ये दुसऱ्याच्या जंगलातून नुसते चालत जाणे हा गुन्हा नाही. चालण्याचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे. मला हे एका जुन्या बातमीमुळे माहीत होते. पाच वर्षे तिथे राहूनही त्याला नव्हते.

“अर्जासाठी ती लाइफ इन द यूके टेस्ट दिलीस, त्यात हे विचारत नाहीत?”

“जुन्या राजाला बायका किती, ते विचारतात. सहा होत्या.”

“फोन कर आणि त्यांना खरं सांग.”

“तुम्ही मानता ना मी नाही मारलं?”

“तू फोन कर,” मी म्हणालो.

मी उत्तर दिले नाही, हे त्याच्या लक्षात आले. कॉटेजवर पोचल्यावर त्याने पोलीस अधिकाऱ्यांनी दिलेल्या कार्डावरचा नंबर फिरवला आणि स्पीकर लावून फोन टेबलावर, शेवंतीशेजारी ठेवला. पहिला जबाब चुकीचा होता, मी कुंपणापलीकडे गेलो होतो, असे त्याने सांगितले. अधिकाऱ्यांनी विचारले, “आधी का नाही सांगितलं?” तो म्हणाला, “घाबरलो होतो.” “कशाला?” त्याने व्हिसाचे सांगितले. त्या म्हणाल्या, “मी येते. धनुष्य आणि बाण तपासणीला न्यावे लागतील.”

त्या आल्या. बाण कागदात गुंडाळताना त्यांनी विचारले, “पिवळं काय आहे?”

“हळद.”

“आणि तपासणीत काय निघेल?”

“हळद,” तो म्हणाला.

संध्याकाळच्या ट्रेनने मी लंडनला परतलो. स्टेशनवर तो सोडायला आला. एरवी तो वाकून नमस्कार करतो. या वेळी लांबूनच हात केला. घरी बायकोने दारातच विचारले, “तुला काय वाटतं?” मी म्हणालो, तपासणी चालू आहे. ती म्हणाली, “मी तपासणीचं नाही विचारलं,” आणि आत गेली.

पुढचे काही आठवडे ग्रुपवर मेहुण्याने काही लिहिले नाही. बहिणीशी तो रोज बोले. मी खोलीत आलो की ती फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जाई. अर्जाची शेवटची तारीख जवळ आली आणि वकिलाने थांबायला सांगितले. दिवाळीचा फराळ पोस्टाने गेला, पोचल्याचा निरोप बायकोला आला.

मग पोलीस अधिकाऱ्यांचा त्याला फोन आला. बाणांवर रक्त नव्हते. हरणाच्या मानेतला तुकडा ॲल्युमिनियमच्या जाड बाणाचा होता. मेहुण्याचे बाण कार्बनचे आणि बारीक होते, आणि क्लबात तसला जाड बाण कोणाकडेच नव्हता. शिवाय पशुवैद्यांच्या मते जखम शनिवारच्या आधीची होती. त्याच्याविरुद्ध काही कारवाई नाही, असे त्यांनी लेखीही कळवले. धनुष्य आणि बाण परत मिळाले. अर्ज शेवटच्या तारखेच्या आत गेला आणि नाताळनंतर मंजूर झाला. हे मला बायकोकडून समजले.

हरीण कोणी मारले, याचा शोध लागला नाही.

वसंतात क्लबने कुंपणाकडची पडलेली झाडे आणि पाचोळा साफ केला. सेक्रेटरी बाईंनी मेहुण्याला एक फोटो पाठवला. त्याने तो फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली काहीही न लिहिता. एका कुजलेल्या बुंध्यात बाण रुतलेला होता. दांडीवर त्याची आद्याक्षरे होती. कुंकू धुऊन गेले होते. पिसांच्या मुळाशी हळदीचा डाग होता.

मी फोटो मोठा करून पाहिला. बुंध्याच्या मागे काटेरी तार दिसत होती. बाण कुंपणाच्या अलीकडे, क्लबच्याच जागेत होता.