होडी बांधू नये

आमच्या खात्याच्या पाच-सहा वेबसाइटी होत्या आणि एकीचा दुसरीला पत्ता नसायचा. भरती-ओहोटीची वेगळी, वाऱ्याची वेगळी, खाडीच्या पाण्याची वेगळी आणि समुद्रात सोडलेल्या बोयांची वेगळी. ही शेवटची मी सांभाळायचे. दिसायला म्हणाल तर नुसतं ध्यान होतं. निळ्यावर पिवळी अक्षरं, आणि वर एक हलणारी लाट, माझ्या आधीच्या कुणा हौशी माणसाने घातलेली. पण बोयाने जे कळवलं ते तासाभरात तिथे दिसायचं. कुणी त्याला पावडर लावत नव्हतं.

मग वरून हुकूम आला, सगळ्या साइटी मोडून एकच करा. खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कॉलेजची मुलं माहितीसाठी या दारातून त्या दारात हिंडायची, आणि शेवटी मलाच फोन करून विचारायची. एकदाचं सगळं एका जागी आलं तर माझीही कटकट वाचणार होती. मी आनंदाने कामाला लागले.

बोया म्हणजे मोठा पिवळा गोळा, किनारा दिसेनासा होतो तिथे तळाशी साखळीने बांधलेला. लाटेबरोबर तो वरखाली होतो आणि किती हलला, कुठे आहे, हे उपग्रहामार्फत आम्हाला कळवतो. त्याच्या सावलीला मासे जमतात, आणि मासे जमले की होड्या जमतात. आमच्या किनाऱ्यावरची माणसं बोयाला सर्रास होडी बांधतात, डबा खातात, तासभर आडवी होतात. त्यांचं तरी काय चुकलं? नांगर टाकायचा आणि ओढायचा त्रास वाचतो. पण होडी बांधली की बोया एका बाजूला ओढला जातो आणि त्याचे आकडे पिसाळतात. म्हणून आम्ही त्याच्यावर ठळक रंगवून घेतलं होतं, ‘होडी बांधू नये’. रंग उडाला, होड्या काही थांबल्या नाहीत. ऑफिसात आकडे वेडेवाकडे दिसले की कुणीतरी म्हणायचं, “बांधली वाटतं कुणीतरी,” आणि आम्ही सगळे हसून चहाला जायचो.

साइटी एकत्र करताना हाच विनोद नियम होऊन बसला. बोया जागचा ओढलेला दिसला की त्या अख्ख्या दिवसाचे आकडे बाद. आणि बाद झालेल्या जागी मागचे-पुढचे आकडे बघून अंदाजाने भर घालायची. व्हिडिओवर मीटिंग चालली होती. मी म्हटलं, “भरता कशाला? भोक राहू द्या. निदान भोक आहे एवढं तरी कळेल.”

मुख्य कार्यालयातले साहेब गोड हसले. “मॅडम, रेघ तुटलेली दिसली की लोकांना वाटतं, आपलं यंत्र बिघडलंय.”

डोंबल लोकांना वाटतं! लोकांना काय वाटतं हे विचारायला यांच्यातला कोण कधी किनाऱ्यावर आला होता? पण बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. पुढे एका शुक्रवारी जुन्या साइटी बंद झाल्या, आणि नवी सुरू झाली म्हणून ऑफिसात पेढे वाटले.

आता जिच्यासाठी हे सगळं सांगते आहे, तिच्याकडे येते. मी लग्न होऊन नागावला आले तेव्हापासून ती आमच्याकडे मासळी आणते. तोंडाची फटकळ. वाडीच्या बेड्यापासून, म्हणजे फाटकापासूनच हाक ठोकायची, “वयनी, हायस का मेलीस?” मी पापलेटाचे कल्ले उचकटून बघितले की टोपलीवर फडकं ओढायची. “सरकारी मानूस ना तू, तपासल्याबिगर घेशील कशी!” आमचं भांडण हा शेजाऱ्यांचा सकाळचा करमणुकीचा कार्यक्रम होता. माणूस म्हणून मला ती फार आवडायची, अजून आवडते.

मागच्या कार्तिकात तिचा नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही. त्या दिवशी गावची जत्रा होती. पालखी निघते म्हणून कुणीही होडी काढत नाही, तो रिवाजच आहे. हा एकटा पहाटे गेला. संध्याकाळी पाहुणे जेवायला येणार होते, त्यांच्या ताटात ताजी मासळी पडावी म्हणून गेला, असं ती सांगते. दुपारी फार लांब, पश्चिमेला काळं दाटून आलं होतं म्हणे. पण गावात थेंब पडला नाही, माडाचं झावळं हललं नाही. ढोल-ताशात समुद्राकडे बघतंय कोण? तो आला नाही, होडी आली नाही, फळकूटसुद्धा किनाऱ्याला लागलं नाही.

पहिले आठ दिवस गावाने शोध घेतला. मग गावाची जीभ सैल सुटली. वादळ नाही, वारा नाही, तळ्यासारखा समुद्र, होडीसकट माणूस जाईल कुठे? गुजरातेत गेला असेल. तिकडच्या बंदरात त्याला पाहिल्याचं कुणी कुणाला सांगितलं. सासू तिच्या तोंडावर बोलली, “तुझ्या तोंडाला कंटाळून गेला माझा पोर.” दीर म्हणाला, “दुसरी बगितली असंल त्यानं.” त्यानंतर ती बेड्यावरून हाक मारीनाशी झाली. गुमान पायरीवर टोपली ठेवायची आणि मी देईन तो भाव घ्यायची. मला भाव करायची लाज वाटायला लागली.

पावसाळ्याच्या तोंडाला ती एक दिवस टोपली न घेता आली. कपाळावर कुंकू नेहमीपेक्षा मोठं. पडवीत बसली आणि म्हणाली, “वयनी, तालुक्याला गेले होते. तितला सायब म्हंतो, समुद्र खवळला व्हता असा सरकारी दाखला आण, मंग तो गेला असं लिवता येईल. न्हायतर सात वर्सं थांब. तुजंच हापिस ना समुद्राचं?”

“आमचंच,” मी म्हटलं.

“सात वर्सं मी थांबंन, त्याचं काय न्हाय. पन त्याला पळपुटा म्हंतात गो. माज्या पोरीला शाळंत विचारतात, बापूस कंच्या बाईकडं हाय. त्यो मेला असंल तर मेला म्हना. पळाला म्हनू नका.”

मी तिथेच मोबाइल काढला. नवी साइट झाल्याचा एक फायदा, मोबाइलवर छान दिसते. बोया निवडला, जत्रेचा दिवस निवडला. निळी रेघ आली. आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत सरळ, गुळगुळीत. लाट गुडघाभरसुद्धा नाही. आणि खाली हिरवी खूण, ‘तपासलेली माहिती’.

तिला आलेख कळत नाही, पण माझं तोंड कळतं. “शांत दावतंय ना?” तिने विचारलं.

इतकी गुळगुळीत रेघ समुद्राची नसते. ती आम्ही भरलेली होती. मी म्हटलं, “थांब थोडी. हे आलेलं नाही, हे घातलेलं आहे. मूळचं वेगळं असणार.” तिला यातलं काहीही कळलं नाही, पण तिने माझा हात घट्ट धरला.

मूळ आकडे मिळवायला मला किती जणांशी भांडावं लागलं ते सांगत बसत नाही. अर्ज केले, फोन केले, एकाला तर सरळ म्हटलं की तुमच्या मांडीवर बसून कॉपी करून घेईन. शेवटी फाइल आली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे घेऊन बाहेर गेल्यावर मी ती उघडली.

सकाळ शांत होती. दुपारी लाटा एकाएकी चढल्या, पुरुषभर, मग त्याहून उंच. आणि त्याच सुमारास बोया जागचा ओढला गेला होता. मला वाटलं, वाऱ्याने असेल, ओहोटीने असेल. ओहोटीने बोया एका अंगाला जातो आणि भरती लागली की दुसऱ्या अंगाला येतो, हे मी रोज बघते. त्या दिवशी ओहोटी संपून भरती लागली तरी तो त्याच अंगाला ताणलेला होता. काहीतरी जड त्याला लोंबकळत होतं. तासामागून तास. आणि दिवस कलताना, लाटा तेवढ्याच उंच असताना, म्हणजे वाराही तसाच असताना, ताण एकदम गेला. बोया सुटल्यासारखा आपल्या जागी परतला.

पिवळा बोया मला दिसत होता, उडालेला रंग दिसत होता. मशीन बंद पडलं असणार. वल्ह्याने काही होईना तेव्हा त्याला तो बोया दिसला असणार, आणि त्याने बांधली. बांधू नये असं लिहिलेलं असताना बांधली. दुसरं काय करणार होता तो? त्या तासांना आम्ही कचरा म्हटलं होतं. मी रडले, डबा तसाच राहिला, आणि सुट्टी संपायच्या आत डोळे पुसून साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

आमचे इथले साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं बघितलं, चष्मा काढला. मग म्हणाले, “होडी बांधलेली होती असं तुमचं म्हणणं ना?”

“दिसतंयच की, सर.”

“मग बाई, बांधलेल्या बोयाचे त्या दिवसाचे लाटांचे आकडे आपणच ग्राह्य धरत नाही. समुद्र खवळला होता असा दाखला मी त्यांवरून कसा देऊ? आणि आकडे खरे धरायचे तर होडी बांधलेली नव्हती असं लिहावं लागेल. मग तो तिथे होता कशावरून?”

मी म्हटलं, “म्हणजे तो तिथे होता म्हणून वादळ नव्हतं, आणि वादळ होतं तर तो तिथे नव्हता?”

“कागदावर तसंच होतं,” ते म्हणाले. “आणि साइटवर तपासलेली म्हणून गेलेली माहिती मला इथून बदलता येत नाही. वर लिहून बघतो.” त्यांनी लिहिलं, हे मी स्वतः बघितलं. उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे, पुढील सुधारणेच्या वेळी विचार होईल. त्या उत्तराला काडी लावावीशी वाटली मला.

दाखला नाही तर नाही, पण तिला सांगायचं की नाही? दोन दिवस माझा जीव टांगणीला लागला. सांगितलं नाही तर आशा राहते. पण कसली आशा? नवरा दुसऱ्या बाईकडे सुखात असल्याची? मी तिच्या घरी गेले. सासू आत निजली होती. आम्ही दोघी मागच्या दारी, जाळ्यांच्या ढिगापाशी बसलो, आणि मी तिला सगळं सांगितलं, साध्या शब्दांत. बोया, दोरी, ताण.

ती रडली नाही. जाळ्याची गाठ बोटांनी उकलत राहिली. मग विचारलं, “किती येळ धरून व्हता?”

“दुपारपासून दिवस कलेपर्यंत.”

“दिवस कलता पालखी आमच्या दारात व्हती,” ती म्हणाली. “मी म्हनले, लवकर यायला काय झालं मेल्याला, पाहुने खोळंबलेत. शिव्या घातल्या गो मी.” तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. मी तिला जवळ घेतलं. तिच्या अंगाला मासळीचा आणि समुद्राचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी ती मासळी घेऊन आली तेव्हा कपाळ मोकळं होतं. गळ्यात काही नव्हतं. मी बघत राहिले. ती म्हणाली, “तालुक्याच्या सायबाला कागद लागतो. मला न्हाय लागत.” टोपलीवरचं फडकं काढून बोंबील दाखवले आणि मुद्दाम चढा भाव सांगितला. मीही मुद्दाम घासाघीस केली. वाटलं, चला, एवढं तरी झालं.

काय झालं होतं डोंबल! आठवडा गेला नाही तोच ती धावत आली, पदर सुटलेला. “वयनी, चल गावात. सांग त्यांना.” गाव म्हणत होतं, नवरा जिता असताना हिने कुंकू पुसलं. म्हणजे हिलाच दुसरा कुणी करायचा असणार. सासूने तिची पेटी अंगणात आणून टाकली होती. मी चप्पल अडकवली आणि तशीच निघाले.

अंगणात अर्धी आळी जमली होती. मी बोलले. आवाज चढवून बोलले, माझा स्वभावच तो. बोया ओढला गेला होता, लाटा पुरुषभर होत्या, तो पळालेला नाही, शेवटपर्यंत धरून होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. माणसं ऐकत होती. एक-दोन म्हाताऱ्यांनी मान हलवली, त्यांनी स्वतः बोयाला होड्या बांधलेल्या. सासू दाराची चौकट धरून उभी होती. तिचं तोंड हळूहळू बदलत होतं, तेही मी बघितलं.

मग दीर पुढे आला. अंगावर धावून वगैरे आला नाही, सभ्यपणे आला. हातात मोबाइल. निळी रेघ, गुळगुळीत, खाली हिरवी खूण, आणि वर आमच्या खात्याचं नाव देवनागरीत, लांबूनही वाचता येईल असं. त्याने तो मोबाइल आधी आईला दाखवला, मग आळीला, मग माझ्यासमोर धरला.

“बाई, ह्ये तुमच्याच हापिसाचं हाय ना?”

ती माझ्याकडे बघत होती, पेटीशेजारी उभी, मोकळ्या कपाळाची.

मी म्हटलं, “हो, आमचंच आहे.”