दुखतंय ते पायात

माझं ऑपरेशन पोटाचं होतं. गर्भपिशवी काढायची, दोन तासांचं काम, असं सर्जन म्हणाले होते. पण आधीच्या सिझरमुळे आत सगळं चिकटलेलं निघालं आणि दोनाचे सहा तास झाले. तेवढा वेळ माझे पाय टेबलाच्या आधारांवर उचलून बांधलेले होते, हे मला नंतर कळलं.

दुपारी शुद्धीवर आले ती डाव्या पोटरीतल्या कळांनीच. पोटाच्या टाक्यांकडे लक्षच जाईना. सिस्टरला सांगितलं.

"ऑपरेशन पोटाचं झालंय हो, पाय कशाला दुखेल? अवघडला असेल," ती म्हणाली आणि इंजेक्शन देऊन गेली. तासाभरानं कळ वाढलीच. परत बोलावलं, तर म्हणे, "थोडं सहन करा की. बाकीच्या बायका करतातच ना!"

मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल शिवणारी बाई. मशीनची सुई बोटातून आरपार गेली, तेव्हाही चिंधी गुंडाळून कामाची पाळी पुरी केली होती. मला सहन करायला शिकवणार?

सासूबाई उशाशी होत्या. सांगोल्याकडच्या त्या, निम्मा जन्म मेंढरांमागं गेलेला. त्यांनी पोटरी चाचपली. "ही तर दगडावानी झालीया की गं!" पायाचा अंगठा जरा वर उचलला, तशी मी किंचाळले. मग अंगठ्याच्या बेचक्यात बोट टेकवून विचारलं, "हितं कळतंय का?"

काहीच कळत नव्हतं. तेव्हा मात्र मी घाबरले.

सिस्टर दुसरं इंजेक्शन घेऊन आली. मी हात मागं घेतला. "डॉक्टर पायाला हात लावेपर्यंत मी काही टोचून घेणार नाही."

"ते ओपीडीत आहेत."

"मग त्यांना ओपीडीत ऐकू जाईल असं ओरडते." आणि ओरडले. टाके ताणले, तरी ओरडले. सासूबाई म्हणाल्या, "त्यास्नी आना, न्हायतर मीच जाती आनायला!"

सर्जन कपाळाला आठ्या घालूनच आले. पोटरी दाबली, अंगठा हलवला आणि त्यांचा चेहराच उतरला. "सहा तास पाय वर बांधलेला होता, त्यानं स्नायू आत सुजलेत. वरचं आवरण ताणत नाही, म्हणून रक्त पोचत नाहीये. आत्ताच्या आत्ता चिरून मोकळं करावं लागेल, नाहीतर पाय जाईल."

"मग उभे का? चला," मी म्हणाले.

पोटरी दोन्ही बाजूंनी चिरली. जखमा कितीतरी दिवस उघड्याच ठेवल्या, मग मांडीची कातडी काढून लावली. पाय वाचला, पण पाऊल वर उचलेना. डिस्चार्जच्या दिवशी मी सर्जनना विचारलं, "पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच कुणी बघितलं असतं तर?"

ते म्हणाले, "तर नुकसान कमी झालं असतं. बघायला हवं होतं. चूक झाली." तेवढं वदवून घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार नव्हते.

कारखान्यात सुपरवायझर म्हणाला, "ताई, आता घरीच आराम करा." मी त्याच्यासमोर पाऊल उचलून धरणारी पट्टी बांधलेला पाय मशीनच्या पायट्यावर ठेवला. डावा जमेना, म्हणून उजव्यानं चालवायला शिकले. पहिल्या आठवड्यात शिलाई वाकडी गेली. उसवली, परत घातली.

जाऊबाई अजून म्हणतात, लग्नाकार्यात साडी जरा खाली नेसत जा, ते व्रण दिसतात. मी मुद्दाम वर खोचते.